गार डबा

नव्वदच्या दशकात मी शारजातल्या जुन्या घरांची वायरिंग तपासायचो. भिंतीवरचा प्लॅस्टिकचा फ्यूज बॉक्स नुसता पिवळा पडला म्हणून घाबरायचं कारण नसतं. आतला एखादा स्क्रू सैल झाला, की लोड आल्यावर तिथे तापतं, प्लॅस्टिक करपतं आणि आग तिथूनच लागते. म्हणून आधी झाकणावर हात ठेवून बघायचं.

पण आपली मराठी माणसं! इलेक्ट्रिशियन येणार म्हणून काळजीनं सगळं बंद करून ठेवायची. गार डब्यावरून मला काय डोंबल कळणार? मी वैतागून एसी, गीझर, इस्त्री, सगळं लावायला सांगायचो. मग अर्धा तास थांबणं आलं. तेवढ्यात चहा यायचा, पोहे यायचे. मुलं इंग्रजीत भांडायची, वहिनी त्यांच्यावर मराठीत ओरडायच्या. डबा हळूहळू कोमट व्हायचा.

एका शुक्रवारी माझ्या एकट्याच्या खोलीतला तसलाच डबा तपासायला घेतला. होतं नव्हतं ते सगळं लावलं आणि अर्धा तास खुर्चीत बसून राहिलो. मग झाकणावर हात ठेवला.

डबा गारच होता. धोका काहीच नव्हता.