सबनीस सर आणि टोमासचा घोटा

सबनीस सर माणसाकडे पायापासून पाहायला सुरुवात करत. दोह्यातल्या फरीज बिन ओमरान भागात आमच्या इमारतीत ते राहायला आले, तेव्हा पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. मी नाव सांगितलं, इथल्या वर्तमानपत्रात क्रीडापानाचं काम करतो हेही सांगितलं. सरांचं लक्ष माझ्या बुटांवर होतं. "डावी टाच बाहेरून झिजलीय," ते म्हणाले. "गुडघा कधीपासून दुखतो?"

गुडघा महिनाभर दुखत होता. घरी कोणालाही सांगितलं नव्हतं.

दिनकर सबनीस मूळचे नाशिकचे, पेशाने फिजिओथेरपिस्ट. आता निवृत्त होऊन तिथेच असतात. दोह्यात ते एका क्रीडा रुग्णालयात होते. त्याआधी बरीच वर्षं युरोपातल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल क्लबमध्ये. खेळाडूला ते फार प्रश्न विचारत नसत, चालून दाखवायला सांगत. "तोंड काहीही सांगेल हो," असं त्यांचं म्हणणं, "टाच लपवाछपवी करत नाही." घाई करणाऱ्यासाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता, आणि तो ते कुठल्याही देशाच्या खेळाडूला मराठीतच ऐकवत. दुखापतीतून उठलेल्या कतारी पोरांनी "यल्ला, डॉक्टर" म्हणत घाई केली, की सरांचं उत्तर ठरलेलं: "हळू."

युरोप का सोडलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी सांगितलं, मी ते जुन्या बातम्यांशी ताडून पाहिलं, जुळलं. क्लब अंतिम सामन्यात पोहोचला होता. आदल्या दिवशी संघाचा सर्वांत मोठा खेळाडू टोमास याचा घोटा सुजला. टोमास खेळतोच म्हणत होता, प्रशिक्षकांची हरकत नव्हती. सरांनी परवानगी दिली नाही. टोमास बाकावर बसला आणि संघ हरला. युरोपात प्रेक्षकांची शिट्टी म्हणजे हुर्यो. ती हुर्यो सरांच्या मागे गाडीपर्यंत आली. मोसम संपल्यावर क्लबने त्यांचा करार वाढवला नाही. "भाजीवाला आम्हाला बघून तोंड फिरवायचा," वहिनी म्हणाल्या. टोमास मात्र पुढे बरीच वर्षं त्याच क्लबसाठी खेळला.

एका शुक्रवारी तो दोह्यात सरांच्या दारात उभा राहिला. चौकटीखालून वाकून आत आला, दिवाणावर बसला तर गुडघे छातीला लागले. वहिनींनी थालीपीठ पुढे केलं. तो बोलायला लागणार, तोच सरांनी टीपॉय ओढला. "आधी पाय." घोट्याभोवती अंगठा फिरवून झाल्यावरच त्याला बोलायची मुभा मिळाली.

युरोपीय बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली होती. सोहळा त्याच्या जुन्या क्लबच्या स्टेडियममध्ये होता. तिथली रीत अशी, की मानकऱ्याला व्यासपीठावर कोणी बोलवायचं हे तो स्वतः ठरवतो. टोमासने सरांना निवडलं होतं.

सर नाही म्हणाले. "मला बघून लोकांना तो सामना आठवेल. तुझ्या दिवसाला डाग कशाला?"

दिवस माझा असेल तर माणूसही मीच निवडणार, असं टोमासने त्यांना सांगितलं आणि दुसरं थालीपीठ घेतलं. अखेर सर तयार झाले. अट एकच, त्या सामन्याचा विषय काढायचा नाही. वहिनींनी जायला साफ नकार दिला. "तुम्ही जा. त्या शिट्ट्या मी एकदा ऐकल्यात."

सोहळ्याचं थेट प्रक्षेपण आम्ही शेजाऱ्यांनी वहिनींकडे पाहिलं. कोणीतरी अल मन्सूरा भागातल्या मिठाईच्या दुकानातून पेढे आणले होते. वहिनींनी बॉक्स उघडू दिला नाही. टोमासच्या आधीचे मानकरी एकेक करून वर येत होते. सगळे एके काळचे वाघ. एकाच्या हातात काठी होती, दुसरा मुलाच्या खांद्यावर भार टाकून आला, तिसरा कठडा धरून तिरपा तिरपा चढला.

मग सरांचं नाव पुकारलं गेलं. वरच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. वहिनींचा हात रिमोटकडे गेला, तिथेच थांबला. "टाय वाकडा झालाय यांचा," एवढंच त्या म्हणाल्या.

सर माइकसमोर उभे राहिले. शिट्ट्या थांबेनात, तेव्हा त्यातच बोलले. दोनच वाक्यं, इंग्रजीत. "टोमास आता वर येईल. त्याच्या पायांकडे बघा."

टोमास उठला. पायऱ्या उंच होत्या. आपल्या घराच्या जिन्याने चढावं तसा तो चढत आला, पावलं सारखी, हात मोकळे. मध्यावर शिट्ट्या विरळ झाल्या. शेवटच्या पायरीवर त्याने पाय ठेवला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं होतं. सन्मान म्हणून कायमची टांगायची त्याची जर्सी वर छताकडे सरकू लागली, हजारो माना वर झाल्या. सर अजून त्याच्या घोट्याकडेच पाहत होते.

उतरताना सरांचे स्वतःचे गुडघे अडले. पहिल्या पायरीपाशी ते थांबले. टोमास एक पायरी खाली उतरला, वळला, त्यांच्या कोपराखाली हात दिला. त्याच्या कोटाला लावलेला माइक अजून चालू होता, त्यामुळे दोह्यातही ते स्वच्छ मराठीत ऐकू आलं.

"हळू, सर."

वहिनींनी पेढ्यांचा बॉक्स उघडला.