सहा मारके घेऊन धुळ्याला

बस सहा चाळीसची होती आणि मी पावणेसहालाच नशिराबादच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. पप्पांनी माझ्यासाठी पाइपच्या कंपनीतली पहिली पाळी दुसऱ्याशी बदलून घेतली होती. गाडी स्टँडला लावून ते शेजारी उभे होते, मफलर कानावरून घेतलेला. भुसावळकडून बसचे दिवे दिसले तसे म्हणाले, "ठरलंय ते सांग परत."

"जिंकले तर पुढच्या फेरीला पुण्याला जायचं, तुम्ही सोबत येणार. हरले तर गेम फोनमधून काढायचा आणि परीक्षेला लागायचं."

"बस. एकदाच. नंतर रडायचं नाही."

मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गेली दोन वर्षं पप्पा मला फोनवर अंगठे आपटतानाच बघतायत, म्हणून त्यांचं काही चुकीचं नव्हतं. उलट मला वाटलं होतं सोडणारच नाहीत. तुम्ही सगळे ग्रुपवर विचारताय ना धुळ्याच्या स्पर्धेत काय झालं, म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहितेय. मधे मधे विचारू नका, शेवटपर्यंत वाचा.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. आपण राक्षसासारखे प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी लढवायचे. टीममध्ये सहा, एका लढतीला त्यातले कुठलेही पाच उतरवायचे. समोरच्याचे सगळे पाडले की आपण जिंकलो. बहुतेक लोक दोन मारणारे, दोन झेलणारे, दोन इकडेतिकडे, अशी टीम करतात. माझी टीम सगळी मारकी. मारका बैल असतो ना, तसे सहाच्या सहा. एकही झेलणारा नाही. सगळ्यात आधी वावटळ उतरते, ती एक पक्षीण आहे, ती वारा सोडते आणि चार चाली माझ्या सगळ्यांचा वेग दुप्पट होतो. मग ठेचा, भरीत, केळ्या आणि अक्का येतात आणि समोरच्याने हात उचलायच्या आत त्याला पाडतात. सहावा डाळमिल. तो दगडाचा आहे आणि त्याची शेवटची चाल म्हणजे स्वतः फुटायचं, समोरच्याला घेऊन. नावं सगळी मी ठेवलेली. अक्का माझी पहिली पकडलेली, शिंगंवाली, कायम डोळे वटारून बघते, म्हणून अक्का.

एवढी टीम करायला चार महिने गेले. ठेच्याचा वेग मी मोजून मोजून असा बसवला की वाऱ्यात तो सगळ्यांच्या एक पाऊल पुढे राहील आणि उरलेला सगळा जोर मारण्यात घातला. एक धक्का बसला की तो मेला, ते मला माहीत होतं. माझं म्हणणं, धक्का बसेलच कशाला.

जळगावला बस भरली. पाळधीच्या पुढे उजाडलं. दोन्हीकडे कपाशी, अर्धी वेचलेली, अर्धी तशीच पांढरी, आणि त्यावर पातळ धुकं. माझ्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली, मांडीवर वांग्यांची पिशवी. तिने माझ्या फोनमध्ये डोकावून विचारलं, "हाई काय शे वं?" (हे काय आहे गं?)

मला काय, कोणी विचारायचाच अवकाश. मी सगळं सांगितलं. वारा, वेग, सहाही मारणारे. तिने मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "बठ्ठा माराले जातस, मंग घर कोन राखस?" (सगळेच मारायला जातात, मग घर कोण राखतं?)

"घर राखायची वेळच येत नाही आजी. त्याच्या आधी संपतं."

"मना चारी पोऱ्या एकच दिन बजारले गयात," ती म्हणाली, "बकऱ्या बठ्ठं वावर खाई गयात." (माझी चारही पोरं एकाच दिवशी बाजाराला गेली, बकऱ्यांनी सगळं शेत खाल्लं.) आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतकी हसली की पिशवीतलं एक वांगं घरंगळत ड्रायव्हरपर्यंत गेलं. कंडक्टरने ते आणून देताना विचारलं, "आजी, याचं अर्धं तिकीट काढू का?" मी पण खूप हसले. तेव्हा हसू येत होतं.

एरंडोलला म्हातारी उतरली आणि त्याच सीटवर पल्लवी बसली. पल्लवी धरणगावची, कॉलेजात माझ्या बाकावर. हे चार महिने रोज संध्याकाळी मी तिच्याशीच सराव करायचे. ती कायम हळू खेळते. तिच्याकडे नाना नावाचं एक कासवासारखं धूड आहे, ते अंगावर ढाल ओढून बसून राहतं, बस. मी तिला म्हणायचे तुझी टीम म्हणजे तहसील कचेरी, सगळ्यांना उद्या या म्हणते.

तिने डबा उघडला. कळण्याच्या पुऱ्या (ज्वारी आणि उडीद एकत्र दळतात त्या पिठाच्या), भरीत, वर कच्ची कांद्याची पात. भरीत अजून कोमट होतं आणि त्याला काडीवर भाजल्याचा वास येत होता. पहाटे तिच्या आईने अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली होती. माझ्या भरिताचं नाव तिच्याच आईच्या डब्यावरून ठेवलंय.

चौथी पुरी खाताना ती म्हणाली, "प्रज्ञा, एक वांधा झालाय."

"काय?"

"फोन बदलला ना परवा. सगळी टीम उडाली. एकटा नाना परत आणलाय कसाबसा. बाकी काहीच नाही."

"मग खेळणार कशी?"

"तुझा कोड दे ना."

कोड म्हणजे असं की तो टाकला की आपली आख्खी टीम समोरच्याच्या फोनवर उतरते, आपण ठेवलेल्या नावांसकट. नावं त्याला बदलता येत नाहीत. सहांतला एकच प्राणी काढून स्वतःचा घालता येतो. आणि मूळ मालकाचं खातं चालू आहे तोवरच ती टीम चालते. मी हात पण नाही पुसले, भरिताच्या बोटांनीच कोड पाठवला. वर पारोळा येईपर्यंत तिला सगळं समजावून सांगितलं, कोण कधी काढायचा, कुठे थांबायचं नाही.

"आणि याचं दुखणं काय?" तिने विचारलं.

"चार चाली. वारा संपला आणि समोरचा उभा असला तर आपण मेलो."

"एवढंच?"

"एवढंच. पण कोणाच्या लक्षात येत नाही."

मला खरंच छान वाटत होतं. जळगावच्या दोन पोरी, एकच टीम, धुळ्याला जाऊन सगळ्यांना झोडपणार.

धुळ्याला पांझरेच्या पुलावरून रिक्षा देवपूरच्या कॉलेजकडे निघाली, स्पर्धा तिथेच होती. रिक्षावाल्या काकांनी विचारलं, "कसली परीक्षा आहे पोरींनो?" पल्लवी म्हणाली, "मारामारीची." त्यांनी आरशातून बघितलं आणि कॉलेजपर्यंत रिक्षा जोरात पळवली.

हॉलमध्ये सगळी पोरं. मुली आम्ही दोघीच. टेबलावर एक जाड चष्म्यावाला दादा टीम नोंदवून घेत होता. त्याने सगळ्यांना सांगितलं तेच आम्हाला सांगितलं, "इथून एकच जण पुण्याला. इथे नोंदवाल तीच टीम तिथे. नंतर एक प्राणीही बदलता येणार नाही." मी नोंदवून बाहेर आले आणि पल्लवी आत बराच वेळ होती. मी चहा घेतला, तिच्यासाठी पण सांगून ठेवला. तिचा गार झाला.

पहिल्या तीन लढती मी जिंकले. कशा जिंकले ते तुम्हाला दाखवायला पाहिजे होतं. शिरपूरचा एक मुलगा होता, त्याने एक पूर्ण चाल पण खेळली नाही. वावटळ, ठेचा, ठेचा, भरीत, खल्लास. तो फोन खाली ठेवून म्हणाला, "ताई, श्वास तर घेऊ द्यायचा." मागची पोरं गोळा झाली. कोणीतरी विचारलं टीम कुणाची, मी म्हटलं माझी. तसं म्हणता आलं ते शेवटचं.

मग शेवटचे चौघं उरले आणि फळ्यावर माझ्या नावासमोर पल्लवीचं नाव लिहिलं. मागून एकजण म्हणाला, "घ्या, आता घरातलंच भांडण." आम्ही दोघी हसलो.

तीनपैकी दोन जिंकायच्या. पहिली मी जिंकले. आपलीच वावटळ समोरून येताना बघणं विचित्र असतं. दोन्हीकडे भरीत, दोन्हीकडे केळ्या. वेग अगदी सारखा, अशा वेळी कोण आधी मारणार याची गेमच चिठ्ठी टाकतो आणि चिठ्ठी माझी निघत गेली. दुसऱ्या वेळी तिची निघाली.

तिसऱ्या वेळी मी वावटळ काढली, वारा सोडला. तिने वावटळ काढलीच नाही. तिने नानाला काढलं.

मी आधी बघतच राहिले. मग मोजलं. तिच्याकडे वावटळ होती, ठेचा, भरीत, केळ्या, डाळमिल. अक्का नव्हती. तिने अक्काला काढून नानाला घातलं होतं आणि पहिल्या दोन्ही वेळी त्याला बाहेर ठेवलं होतं. नाना ढाल ओढून बसला. ठेचा आपटला, काही नाही. भरीत आपटलं, थोडंसं. परत ढाल. मला त्याच वेळी सगळं दिसलं, पुढच्या दोन चाली, त्याच्या पुढचं पण. पण माझ्याकडे थांबणारं कुणी नव्हतंच. सहाही जण मारायलाच शिकलेले. मारत राहिले, डाळमिल फुटला तो पण ढालीवरच. चौथ्या चालीला वारा संपला, नाना अजून उभा होता, आणि मग तिने तिची वावटळ काढली. माझ्या ठेच्याला तिच्या ठेच्याने पाडलं. शेवटी माझी अक्का एकटी उरली आणि तिला भरिताने मारलं.

पल्लवीने टेबलावरून हात पुढे केला. मी मिळवला. "छान खेळलीस," असं पण म्हणाले.

फायनल तिने धुळ्याच्या एका मुलाविरुद्ध सहज जिंकली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, हातात समोशाची प्लेट. चष्म्यावाल्या दादाने माइक तिच्यासमोर धरला. "काय टीम आहे बाबा. सगळे मारणारे आणि मधेच एक कासव. कुणाची कल्पना?"

"माझी," पल्लवी म्हणाली.

"आणि नावं? भरीत काय, डाळमिल काय."

"सुचली अशीच." सगळा हॉल हसला. तिने माझ्याकडे बघितलं नाही असं नाही. बघितलं, आणि मग दादाकडे बघितलं.

परतीच्या बसमध्ये तिने मला खिडकी दिली. पारोळा आला. मग तीच म्हणाली, "फुगून बसणार आहेस का जळगावपर्यंत?"

"तू 'माझी' म्हणालीस."

"मग काय, माइकवर भाषण करू? दोन मिनिटं होती ती."

"'प्रज्ञाची' एवढं म्हणायला किती लागतं?"

"हे बघ, मी मागितला, तू दिलास. चोरला नाही. आणि नाना माझा आहे. नानामुळेच जिंकले. तुला मी किती वेळा सांगितलं, एक तरी झेलणारा ठेव. ऐकलंस?"

हे खरं होतं. मग ती जरा हळू म्हणाली, "आणि तुला पुण्याला सोडतात का नाही, काय भरवसा. कुणीतरी जायला पाहिजेच ना."

तिला ते समजावणीसाठी म्हणायचं होतं. मला कळलं. पप्पांनी पाळी बदलली होती हे तिला मी सकाळीच सांगितलं होतं, पुऱ्या खाताना.

एरंडोलला उतरताना तिने रिकामा डबा पिशवीत घातला आणि म्हणाली, "कोड चालू ठेव हं. घरी पोचलीस की मेसेज कर."

नशिराबादला पप्पा सकाळच्याच जागी उभे होते. माझं तोंड बघून त्यांनी गाडी चालू केलीच नाही.

"कितवी?"

"शेवटच्या चारात."

"किती होते?"

"तीसेक."

"मग बरंच आहे की." त्यांनी मफलर काढून हातात घेतला. "कोण जिंकलं?"

"पल्लवी."

"आपली पल्लवी? मग तर चांगलंच आहे." त्यांनी मफलर परत गळ्यात टाकला. "राहू दे आजचा दिवस. एवढं काही लगेच काढायची गरज नाही. परीक्षेनंतर बघू."

"नाही पप्पा. ठरलं होतं."

"अगं मीच म्हणतोय."

"ठरलं होतं ना."

मी तिथेच फोन काढला. ते म्हणाले होते फोनमधून काढायचा. मी फोनमधून नाही काढला, मी खातं उघडलं आणि सगळ्यात खाली गेले, जिथे खातं कायमचं बंद करायचं असतं. गेमने विचारलं, तुमचे सगळे प्राणी नष्ट होतील. तुमचा कोड बंद होईल, सध्या १ खेळाडू तो वापरत आहे. नक्की?

वर सहाही जण ओळीने उभे होते. अक्का डोळे वटारून.

मी हो दाबलं.

पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शब्दाची पक्की आहे पोरगी." गाडीवर मागे बसून घरी येईपर्यंत ते दोनदा तेच म्हणाले. घरी आईला पण तेच सांगितलं.

हे लिहितेय तर पल्लवीचे सात मिस्ड कॉल दिसतायत. पहिला मेसेज होता, "टीम दिसत नाहीये, बघ ना जरा." शेवटचा नुसता, "प्रज्ञा." आता खान्देशातून पुण्याला कुणीच जाणार नाही. नवीन टीम कुणी कशी बांधायची ते ग्रुपवर विचारू नका, माझ्याकडे आता एकही प्राणी नाही. धुळ्याला जाल तर पांझरेच्या पुलावर उतरून बघा, सकाळी छान दिसतं. मी जाताना बघितलं होतं. येताना पण रिक्षात कडेला मीच बसले होते, पण मी बघितलं नाही.