दौलतमामांचं दार

आमच्या चिंचपोकळीच्या चर्चमध्ये चुकून आत शिरता येतं, चुकून बाहेर पडता येत नाही. कारण दारात दौलतमामा असतात. दौलत रणपिसे, वय सत्तरीच्या पुढे, अंगात कडक इस्त्रीचा सफारी. पत्ता विचारायला थांबलेल्या माणसाला ते बाकावर बसवतात. सिलिंडरवाल्याला बसवलंय. वर्गणी मागायला आलेली गणपती मंडळाची पोरंसुद्धा बसवली, आणि ती प्रवचन संपेपर्यंत हूं की चूं न करता बसली.

मी तिसऱ्या बाकावरची. प्रत्येक नवा माणूस मामा माझ्याच शेजारी आणून टेकवायचे, त्यामुळे माझा अर्धा बाक कायम परका.

हे चर्च नगरकडून गिरण्यांत आलेल्या कामगारांनी बांधलं. पहिल्या उपासनेला निम्मी माणसं रेशनची रांग समजून आत आली होती, असं म्हातारे सांगायचे. त्यांत मामांचे वडील होते. घासलेटचा डबा घेऊन आले ते डब्यासकट राहिले. ‘आलेल्याला आधी बसवायचं, मग विचारायचं’ हा तेव्हापासून रणपिशांच्या घरचा नियम. विचारायचं मात्र मामा विसरतात.

यंदा कापणीच्या सणाला त्यांनी कहर केला. सणाचे म्हणून आमच्या दाराला केळीचे खुंट आणि झेंडूची तोरणं होती, आणि शेजारच्या हॉलमध्ये लग्न होतं. लालबागच्या परबांचं वऱ्हाड बसमधून उतरलं. नवरा गाडीने आधीच हॉलवर पोचला होता.

“या, या! वेळेवर आलात!” मामा म्हणाले. अख्खं वऱ्हाड आत.

पाळकसाहेब पांढरा झगा घालून उभे राहिले तेव्हा माझ्या शेजारच्या काकू कुजबुजल्या, “भटजी शिकलेले दिसतत.” अक्षतांची पिशवी त्यांच्याकडेच होती. त्यांनी मूठमूठ वाटली, मलाही दिली. साहेबांची लांबलचक प्रार्थना संपली, मंडळी “आमेन” म्हणाली आणि वऱ्हाडाने साहेबांवर अक्षता उधळल्या. हातात होत्या म्हणून मीही उधळल्या.

तिकडे नवरा पाटावर, मुहूर्त टळायला आलेला, आणि ना वऱ्हाड ना अक्षता. शेवटी नवऱ्याचे वडील दत्ताराम परब शोधत आले आणि सगळ्यांना पळवत घेऊन गेले.

चर्च कमिटीचा सेक्रेटरी गौतम साळवे केसांतले तांदूळ काढत म्हणाला, “मामा, आता आराम करा. पुढच्या रविवारपासून दारावर मी.”

शांतामामी गेल्यापासून रविवारचं हे दारच मामांचं घर होतं. मला गौतमचा भयंकर राग आला.

पुढच्या रविवारी मामा आत आले. इतकी वर्षं दारातच उभे राहिलेले, कुठे बसावं त्यांना कळेना. शेवटी माझ्याशेजारी टेकले. गीतांचं पुस्तक उलटं धरलं होतं.

आमच्याकडे रीत आहे, नवीन माणसाने उभं राहून नाव सांगायचं आणि मंडळीने त्याच्यासाठी स्वागतगीत म्हणायचं. पाळकसाहेबांनी विचारलं, “आज कोणी नवीन?”

मामा उभे राहिले. “दौलत रणपिसे. आत बसायची पहिलीच वेळ आहे.”

कोणालाही हसू आलं नाही. साहेबांनी गीत सुरू केलं, आम्ही म्हणू लागलो, आणि मामा हात जोडून, खाली बघत ऐकत राहिले.

तेवढ्यात दारात दत्ताराम परब. हातात पेढे, मागे नवरा-नवरी.

“कोणाकडे आलात? काय काम आहे?” गौतमने विचारलं.

“तो मामा खंय गेलो? आमच्या वऱ्हाडाक इतक्या मायेन कोणीच बसवूक नाय. पोरांका आशीर्वाद तेचोच व्हयो.”

“सध्या उपासना चालू आहे. नंतर या.”

नवरी परत चपला शोधू लागली. मामांना ते बघवेना. स्वतःच्या स्वागतगीताच्या मधोमध ते ओरडले, “अहो, या, या! वेळेवर आलात!”

गीत थांबलं. पाळकसाहेबांना हसू आवरेना. “जा मामा,” ते म्हणाले. “जा तुमच्या जागेवर.”

मामा या वयात चक्क धावले. परबांना बसवलं, नवरा-नवरीला बसवलं. मग दारात अवघडून उभ्या असलेल्या गौतमचा दंड धरला आणि त्याला माझ्या बाकापाशी आणलं.

“मामा, मी सेक्रेटरी आहे,” गौतम म्हणाला.

“असू दे,” मामा म्हणाले. “आधी बसा.”