जोगळेकरांची मोटर, वाधवानींचा खोका

अंबरनाथ पूर्वेला आमच्या सोसायटीत पाणी साठवायला काय काय लागायचं! टाकी, पिंपं, कळशा, उन्हाळ्यात तर प्रेशर कुकरसुद्धा. किस्से साठवायला मात्र काहीच लागलं नाही, ते आपोआप भरत गेले. कंपनीच्या लॅबमध्ये एखादा सांगितला की लोक म्हणायचे, "मॅडम, तुम्ही बनवून सांगता." अहो, बनवायचेच असते तर एखाद्या किश्श्यात मी तरी शहाणी ठरले असते की नाही?

तर आमच्या दोन विंग. ए आणि बी, समोरासमोर. मधे अंगण, अंगणात कट्टा, आणि दोन्ही विंगना मिळून पाण्याची लाइन एकच. सगळ्या रामायणाचं मूळ ती लाइन!

*

ए विंगच्या तळमजल्यावर जोगळेकर सर. शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे आणि संध्याकाळी कट्ट्यावर जगाचं राजकारण. नव्वदच्या आसपास त्यांनी गॅलरीत मोटर बसवली, थेट लाइनवर. ती सुरू झाली की ए विंगची टाकी भरायची आणि आमच्या बी विंगच्या नळांतून नुसती फुस्स हवा.

मी रिकामी कळशी घेऊन तणतणत गेले. "सर, हे काय चाललंय?"

सर शांतपणे म्हणाले, "वहिनी, ही मोटर शांततेच्या कामासाठी आहे."

"शांतताच आहे हो! आमचा नळ बोलायचाच बंद झालाय!"

*

मग शहाण्णव साली आमच्या विंगच्या तळमजल्यावर वाधवानी राहायला आले. उल्हासनगरात त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान. आठ दिवस त्यांनी नळाची फुस्स ऐकली, आणि नवव्या दिवशी टेम्पोतून एक भलामोठा खोका उतरला. वाधवानींनी तो गॅलरीत ठेवला, बरोब्बर जोगळेकरांच्या मोटरीसमोर, आणि वरून निळी ताडपत्री बांधली.

बी विंगमध्ये काय आनंद! आम्हीही मोटरवाले झालो! सर मात्र धोतराचा सोगा सावरत अंगण ओलांडून आले.

"वाधवानी, हे बेकायदेशीर आहे."

"आणि आपली, साईं?"

"माझी आधीपासून आहे!"

वाधवानी हसले. "सर, घाबरायचं नाही. मैं लगाऊंगा नहीं. सिर्फ रखूंगा."

त्या दिवसापासून सरांची झोप उडाली.

*

एका सकाळी ऐन पाण्याच्या वेळी ताडपत्रीमागून घर्रर्र असा आवाज सुरू झाला. सर बनियनवर धावत गॅलरीत आले आणि त्यांनी आपल्या मोटरीचं बटण दाबलं, ते सोडलंच नाही. नळाला पाणी यायचं होतं अजून, मोटर कोरडीच फिरली; मग पाणी आलं ते एकदम! पाइप थडथडायला लागले, गेटपाशी जॉइंट फाटला आणि हे एवढं कारंजं उडालं. सगळी पोरं त्यात नाचली, वॉचमननं साबण आणला, माझी सासू गॅलरीतून ओरडली, "अगं, बादली तरी लाव!"

पुढचे दोन दिवस कुणालाच पाणी नाही. ना ए, ना बी.

सोसायटीचे चेअरमन कांबळेसाहेब, आमच्याच विंगमधले, फॅक्टरीत ऑफिसर. बोलायचे कमी, पण बोलले की लागायचं. ते फुटक्या जॉइंटकडे बघत म्हणाले, "चला, दोघंही जिंकले."

तेव्हापासून दोन्हीकडच्या मोटरी गप्प. टाक्या दोन्हीकडे सारख्या भरायला लागल्या. सरांनीही मोटरीवर ताडपत्री बांधली. कट्ट्यावर ते याला 'डिटरन्स' म्हणायचे, म्हणजे धाक. कांबळेसाहेब म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

*

पण धाक असला तरी धास्ती काही जात नाही. एकदा सकाळी पुन्हा घर्रर्र! सर गॅलरीत, हात बटणावर, आवाज टिपेला. "वाधवानी, शेवटचं सांगतो! बंद कर!"

वाधवानी तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले. त्यांना काही कळेना. दोन्ही विंगमधल्या बायका जे हाताला लागेल ते भरायला लागल्या. मी तर वाट्या भरल्या, देवाशपथ!

एवढ्यात सरांच्याच स्वयंपाकघरातून शरयूताई ओरडल्या, "अहो, ओरडताय काय? मिक्सरवर चटणी वाटतेय मी!"

*

अठ्ठ्याण्णवचा मे. आपण पोखरणला स्फोट केले आणि सरांनी कट्ट्यावर पेढे वाटले. "आता कुणाची हिंमत नाही वाकडं बघायची!"

महिना संपायच्या आत सीमेपलीकडच्या शेजाऱ्यांनीही केले. कांबळेसाहेबांनी विचारलं, "सर, पेढे परत करायचे का?"

सर उसळले. "साहेब, धाक शहाण्याला बसतो! नवा खेळाडू, नवं हत्यार, डोक्यात राग. त्याला कसला धाक?" आणि बोलता बोलता त्यांनी वाधवानींकडे बघितलं.

"मेरी तरफ क्या देखते हो सर? मैं तो हिंदुस्तान में हूँ!"

कांबळेसाहेब म्हणाले, "त्यालाही सकाळी अंघोळ करायची असते, सर. लाइन फुटली की तोही पारोसा."

"आणि अंघोळच न करणारा भेटला तर?"

खरं सांगते, मला त्या क्षणी भीती वाटली.

मग कांबळेसाहेब हळूच म्हणाले, "जगाचं नंतर बघू. रविवारी माझ्या सुजाताचं लग्न आहे. पंगत आपल्या गच्चीवर. तुमच्यापैकी एकानं बटण दाबलं तरी वऱ्हाडाला प्यायला पाणी नाही. एकुलती एक पोर आहे हो माझी."

त्यांचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता. दोघांनीही छातीवर हात ठेवून शपथ घेतली, "पहिलं बटण आमचं नाही!"

*

रविवारी कुणीच बटण दाबलं नाही. आणि नळाला पाणीच आलं नाही!

वऱ्हाड चामटोलीहून निघालेलं. आचारी गच्चीवरून ओरडतोय, "पाणी द्या, नाहीतर भात विसरा!" कांबळेसाहेबांनी धावपळ करून टँकर आणला. पाणी खालच्या हौदात पडलं, पण स्वयंपाक तिसऱ्या मजल्याच्या वर. चढवायचं कसं?

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, आपल्याकडे तर दोन-दोन मोटरी आहेत! काढा! कुणाचीही चालेल!"

सर आकाशाकडे बघायला लागले. वाधवानी चपलेकडे.

"सर?"

"माझं धोरण ठरलेलं आहे. पहिला वापर आमचा नाही."

"वाधवानी?"

"मेरी भी वही पॉलिसी, साईं."

कांबळेसाहेबांनी बाहीनं डोळे पुसले. "अहो, पोरीचं लग्न आहे! वैर कसलं काढताय?"

ते ऐकून वाधवानींच्या कविताभाभींना राहवेना. त्यांनी तरातरा जाऊन ताडपत्री ओढली, खोका उघडला. आत पापड! थरावर थर, सिंधी पापड!

"मोटर कधी नव्हतीच," भाभी म्हणाल्या. "ते घर्रर्र जुन्या कूलरचं."

सर आनंदानं टाळी वाजवणार, तोच शरयूताई पुढे आल्या. "हसू नका. यांची मोटर लाइन फुटली त्याच दिवशी जळली. मी ती भंगारात घातली आणि एक मोठं पातेलं घेतलं. वर वरण शिजतंय ना, तेच ते."

आम्ही सगळे थिजलो. म्हणजे दोन वर्षं आम्ही वाट्या भरत होतो त्या पापडाच्या आणि पातेल्याच्या धाकानं!

पहिली हसली ती सुजाता. पांढऱ्या साडीत, हातभर बांगड्यांत, जिन्यात उभी होती. "बाबा, रडू नका. दोघांना एकेक बादली द्या."

मग हौदापासून गच्चीपर्यंत साखळी लागली. ए विंग, बी विंग, एक पायरी त्यांची, एक आमची. सर आणि वाधवानी शेजारी-शेजारी, घामानं चिंब, एकमेकांना ओरडत, "सांडू नका हो!" "आप पकडो तो सही!" वऱ्हाड आलं तेव्हा पाणी तयार होतं. पंगतीला पापड तर इतके की चामटोलीचे पाहुणे अजून नाव काढतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली उतरले. वाधवानी गॅलरीत रिकाम्या खोक्यावर पुन्हा ताडपत्री बांधत होते. समोर सर स्टुलावर उभे राहून आपल्याही रिकाम्या कोपऱ्यात तेच करत होते.

"वाधवानी!" सर अंगणापलीकडून दबक्या आवाजात म्हणाले. "गाठ घट्ट मार. इथून आतलं दिसतंय!"

"शुक्रिया साईं," वाधवानी म्हणाले. "आपका भी डावा कोपरा खुला है!"