खुशालचा डावा हात

बल्लारपुरात गोष्ट अशी फिरत होती, की खुशाल दुर्गेचा डावा हात वैनगंगेत मगरीनं धरला. पिठाच्या गिरणीवर कलाबाई ही गोष्ट सांगायची तेव्हा स्वतःच मगर व्हायची. "अश्शी आली ना बाई खालून, अन् कोपरापासून गप्प!" 'गप्प'ला तिच्या हातातला डबा मिटायचा आणि ऐकणारीच्या लुगड्यावर पीठ उडायचं. स्टेशनजवळच्या पानठेल्यावर तर मगर दर आठवड्याला हातभर लांब होत होती. खुशालनं तिच्या डोळ्यात बोट घातलं तेव्हा कुठं तिनं सोडलं, असं एक कलमही नंतर त्यात जोडलं गेलं.

मगर नव्हती. बकरी होती.

मुलचेऱ्याहून राजदूत फटफटीवर येताना बंगाली निर्वासितांच्या एका गावाच्या वळणावर ती आडवी आली. तिला वाचवायला गेलेला खुशाल डाव्या खांद्यावर आपटला. बकरीला काही झालं नाही. ती कुंपणाला पाय लावून पाला खात राहिली. खुशालच्या खांद्यातल्या शिरा मात्र ताणल्या गेल्या. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, हात हलेल, जोरही येईल, पण कोपराखाली स्पर्श कळेल की नाही ते सांगता येत नाही. सुरुवातीला खुशाल लोकांना खरं सांगायचा. बकरी म्हटलं की लोकांचं तोंड पडायचं. मग त्यानं सांगणंच सोडलं.

खुशाल खाणीच्या वर्कशॉपात फिटर होता. कॉलनीच्या पोहण्याच्या टँकवर फ्रीस्टाइलमध्ये त्याला तोड नव्हती. खाणीच्या संघाच्या रिलेत चौथा, शेवटचा गडी ठरलेला, तोच. त्याचे हात पाण्यात असे शिरायचे, जसा मांजरीचा पाय सैपाकघरात.

अपघातानंतर हात हलू लागला, बळही आलं. पण चहाचा पेला चटका देतोय हे त्याला कातडी लाल झाल्यावर डोळ्यांनी कळायचं. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. भाजीत मीठ नसलं तरी तो मागत नसे. पोरं भांडली तरी ओरडत नसे. टुरिंग टॉकीजमध्ये सगळा तंबू हसायचा आणि हा पडद्याकडं फलाटावर गाडीची वाट बघितल्यासारखा बघायचा.

"हातच सुन्न नाई झाला जी तुमचा," कमळा, त्याची बायको, एकदा म्हणाली. "तुम्ही पूरेच झाले."

"हो," खुशाल म्हणाला आणि पुढचा घास घेतला.

एकच गोष्ट त्याला हवी होती. हिवाळ्यात नागपूरला विभागीय स्पर्धा होती आणि तिथं रिलेत चौथा म्हणून त्याला उतरायचं होतं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. बाकीचं काहीच नको होतं, एवढं मात्र खरं.

संघाचे कॅप्टन गुणवंतराव त्याचे जुने दोस्त. दवाखान्यात उशाशी बसून राहिलेले. ते म्हणाले, "तू स्टॉपवॉच धर ना भाऊ. इज्जतीचं काम आहे. गळ्यात घड्याळ, डोक्यावर टोपी!"

"मी पोहतो," खुशाल म्हणाला.

पहिल्या दिवशी तो टँकमध्ये उतरला तेव्हा काठावर कोलू होता. कोलू टँकचा चौकीदार, मूळचा एटापल्लीकडचा. लांब काठीच्या जाळीनं तो पाण्यातला पाला काढत होता. खुशालनं एक फेरी मारली आणि कोलूनं जाळी बाजूला ठेवली.

"भाऊ, उजवा हात पोहून राह्यला," तो म्हणाला, "अन् डावा धुणं धुऊन राह्यला."

खरंच होतं. उजवा हात खांद्याच्या सरळ रेषेत पुढं जायचा, बोटांच्या टोकांनी पाण्यात शिरायचा, कोपर वर ठेवून पाणी धरायचा आणि कमरेमागं लोटून द्यायचा. डावा मात्र तळव्यावर फटकन पडायचा, डोक्यापुढून पलीकडं जायचा, कोपर खाली पडायचं आणि हाताखालून पाणी निसटून जायचं. अंग नागमोडी चालायचं आणि खुशाल बाजूच्या दोरीवर जाऊन आदळायचा. हाताला पाणी लागतच नव्हतं, तर तो धरणार काय?

पंधरवडाभर त्यानं डाव्याला उजव्यासारखं करून पाहिलं. उजव्याकडं बघायचं, डाव्याला तसंच सांगायचं. डावा ऐकायचा नाही. मग एका सकाळी त्यानं उलटंच केलं. चांगल्या उजव्या हाताची मूठ वळली आणि तसाच पोहायला लागला. डाव्याचीही मूठ. वेग इतका पडला की कोलूची जाळी त्याच्यापुढं जाऊ लागली.

कमळा डबा घेऊन आली होती. ती काठावरून म्हणाली, "पाण्यावर राग काढून राह्यले का जी?"

"नाई." खुशालनं दोरीला धरून श्वास घेतला आणि उजवी मूठ वर केली. "ह्यालेबी काई समजू नये म्हणून."

तळवा मिटला की पाणी धरायला उरतो तो कोपरापुढचा हात. कोपर वर राहिलं तरच तो वल्ह्याच्या पात्यासारखा उभा राहतो. खाली पडलं की माणूस जागच्या जागी. आणि कोपर वर आहे की नाही, हे दंडाला आणि काखेला येणाऱ्या ताणावरून कळतं. खुशालचा दंड आणि काख शाबूत होती. तो दोन्ही हात दंडावरून वाचायला शिकला. उजव्याची जुनी ऐट गेली. डावा त्याच्या बरोबरीला आला. मुठी हळूहळू उघडल्या. दोरीवर आदळणं थांबलं.

घड्याळही बरं बोलू लागलं, तरी गुणवंतराव हो म्हणेनात. "ताजा आहे तवरी ठीक. थकला का डावा दगा देईन," ते म्हणाले. मग जरा खाली बघून म्हणाले, "अन् मले पाहून ठरव म्हणू नको. मी पाहतो तुले, त मले दवाखानाच दिसते. मले तुझी कीव येते भाऊ. माझा डोळा कामाचा नाई."

आता मी, टँकवरचा नकल्या. टँकवर कोण पोहतंय ते पाठमोरा बसून, नुसत्या आवाजावरून सांगतो, अशी माझी ख्याती होती. गुणवंतरावांचा धबाक्-फुस्स तर मी तोंडानं करून दाखवायचो, त्यांच्याच समोर. मी म्हणालो, "खुशालभाऊचा डावा मी झोपेतबी वळखतो. लावता पैज?"

"लावतो," खुशाल पाण्यातून म्हणाला. "हरला त नागपूरवरून आम्ही येऊ तवरी कोणाची नक्कल नाई."

"जिंकलो त?"

"मी घड्याळ धरीन."

गुणवंतरावांनी मला टँककडं पाठ करून बसवलं. डावा हात पाण्यात पडला की मी माझा हात वर करायचा, आणि ते बघणार. खुशाल आधी दमेपर्यंत पोहला. मग परीक्षा. पहिल्या फेरीला दोन्ही हात सारखेच, सुळक्-सुळक्. मी हात मांडीवर ठेवून ऐकत राहिलो. दुसऱ्या फेरीला दमलेल्या अंगातून एका हाताचा आवाज किंचित फुटला. छप्. सुळक्. छप्. मी मनात म्हटलं, सापडला! दर छप्ला हात वर करत गेलो, ऐटीत, शेवटपर्यंत.

फेरी संपली. वळलो तर कोलू तोंडावर गमछा धरून हसत होता.

"उजवा होता बे तो," गुणवंतराव म्हणाले. "सगळ्याच्या सगळ्या वेळी उजवा." त्यांनी गळ्यातलं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं. "चौथा तूच, खुशाल."

खुशाल काठावर येऊन बसला. कमळानं टॉवेल दिला. डाव्या हातावरून पाणी निथळत होतं, ते तो बघत होता.

"बरं वाटलं का जी?" तिनं विचारलं.

त्यानं डावा हात पुसला. "माहीत नाई," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "तू आता चूप रायजो."

राहिलो.