आधी समोरच्याचा ड्राइव्हवे

"जरा तापू दे," असं म्हणत काका हातमोजा काढायचे आणि ट्रकच्या बॉनेटवर तळहात टेकवून उभे राहायचे. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी, आणि हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ उघड्या हातानं इंजिनाची धग यायची वाट बघतायत. "तापल्याशिवाय ओढू नये. इंजिनही नाही आणि माणूसही नाही."

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. त्यांचा राग कधी दिसत नाही, म्हणून लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. आमच्या काकांना मराठी मंडळातले सगळे देवमाणूसच म्हणत. मी त्यांच्या शेजारी राहिलेली बाई आहे. मला विचाराल तर इतका चिवट सूड उगवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मला त्यांचा भारी अभिमान आहे.

आमची गल्ली न्यू जर्सीतली, देशी दुकानांच्या आयसेलिनपासून गाडीनं पाऊण तासावर. पाच घरं. रस्ता खासगी, म्हणजे बर्फ पडला की टाउनशिपची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, गाडी गल्लीच्या तोंडाशी येते आणि वळून निघून जाते. आतला बर्फ आपला आपण काढायचा. एक काँट्रॅक्टर ठरवलेला होता, पण तो त्याच्या सवडीनं उगवणार. आम्हाला चालायचं. आम्ही लॅपटॉप उघडून घरीच बसायचो. काकूंना मात्र आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागे, आणि किडनी काही स्नो डेची सुट्टी पाळत नाही.

म्हणून काकांनी लष्कराचा एक जुना ट्रक लिलावात घेतला. हिरवा, दहा टायरांचा, नुसता राक्षस. पुढे बर्फ ढकलायचं रुंद पोलादी पातं बसवलं. पंपांच्या कंपनीत डिझाइनचं काम करून रिटायर झालेला माणूस, ट्रकमधलं ओ की ठो कळत नव्हतं. काकू कधीमधी शेजारी बसत, त्यांना नाट्यगीतं ऐकता यावीत म्हणून पहिल्याच महिन्यात साधा कार स्टिरिओ जोडला. लष्करी गाडी चोवीस व्होल्टची, स्टिरिओ बाराचा. भस्सकन धूर निघाला. काकू म्हणाल्या, "संपलं वाटतं गाणं."

मग शिकत गेले. रविवारी ताडपत्री टाकून ट्रकखाली सरपटत जायचे आणि मी बाहेरून पाने, ग्रीसगन, चहा पुरवायची. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठानं लोखंड सडतं, म्हणून प्रत्येक बर्फानंतर ट्रक खालून धुवायचा, तेल फासायचं. ब्रेकचे रबरी पाइप दर हिवाळ्याआधी बदलायचे, कारण त्या ट्रकला एकच लाइन, एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. इंजिनाला मात्र काहीही चालायचं. आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरच्या एका फरसाणवाल्याकडून तळणीचं जुनं तेल आणायचं, गाळायचं आणि डिझेलमध्ये मिसळायचं. ट्रक निघाला की गल्लीभर भज्यांचा वास. उपाशीपोटी, सकाळी सहाला, असा वास म्हणजे छळच हो.

तो छळ सगळ्यांना आवडायचा, एक माणूस सोडून. समोरचा. मोठ्या कंपनीत डायरेक्टर, बोलायला लोण्यासारखा मऊ. दारासमोर असला ट्रक उभा राहिला तर घराची किंमत पडते, हे त्याचं दुखणं. तोंडावर "काका, ग्रेट आहात हं तुम्ही!" आणि एक दिवस काकांच्या दारावर टाउनशिपची नोटीस. राहत्या भागात असलं वाहन ठेवता येणार नाही, तक्रार आली आहे. सोबत ट्रकचा फोटो. फोटो वरून काढलेला होता, आणि ट्रक वरून दिसेल अशी खिडकी आमच्या गल्लीत एकच आहे.

मी तडक जाऊन त्याला विचारलं. तर म्हणतो कसा, "छे हो, मी कशाला करू? ते कोपऱ्यावरचे म्हातारे अमेरिकन असतील. त्यांना आपली लोकं खटकतात." कोपऱ्यावरचे ते आजोबा काकांना स्वतःची हत्यारं वापरायला द्यायचे! मेला खोटारडा. वर त्या बिचाऱ्यांच्या नावावर बिल फाडलं.

काकांनी ट्रक लांब एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवला. आणि त्याच हिवाळ्यात वादळ आलं.

सकाळी दार उघडलं तर पुढे पांढरी भिंत. काँट्रॅक्टर फोन उचलेना. शेडपर्यंत जायला रस्ताच नव्हता. काकूंना धाप लागायला लागली, आणि ॲम्ब्युलन्स आली ती गल्लीच्या तोंडाशीच अडकली. शेवटी ॲम्ब्युलन्सवाले दोघं, काका आणि मी, अशा चौघांनी काकूंना खुर्चीत बसवून मांडीएवढ्या बर्फातून उचलून नेलं. बोलायला दम नव्हता, तरी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आत्तापासूनच चौघं कशाला गं?" मी हसले. काका हसले नाहीत. समोरच्या वरच्या खिडकीतला पडदा हलला. खाली कोणी आलं नाही.

काकू घरी परत आल्या नाहीत. उशिरामुळे गेल्या का, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर काका कोट घालून टाउनशिपच्या मीटिंगला गेले. रस्ता खासगी आहे, बर्फ काढायला ट्रक ठेवू द्या, पाचही घरांची संमती आहे. पाचही! समोरच्यानंसुद्धा सही केली. चारचौघांत नाही कसं म्हणणार? ट्रक परत आला.

मला तर स्फुरण चढलं. म्हटलं, "काका, आता दाखवाच त्याला. अख्ख्या गल्लीचा बर्फ ओढून त्याच्या दारात डोंगर करा. एप्रिलपर्यंत गाडी निघता कामा नये."

काका हाताचं ग्रीस पुसत होते. "बर्फ टाकला तर तो फावडं घेऊन काढेल आणि मोकळा होईल," ते म्हणाले. "साफ करून दिलं तर काय काढेल?"

"म्हणजे?"

"त्याच्या तोंडून मला एकच वाक्य ऐकायचंय. तक्रार मी केली. ते म्हणेपर्यंत आधी समोरच्याचा ड्राइव्हवे, मग बाकीच्यांचे. जरा तापू दे."

आणि सुरू झालं. बर्फ थांबायचा अवकाश, काका त्याच्या दारात. गॅरेजपासून रस्त्यापर्यंत, काळं डांबर दिसेपर्यंत साफ. कडा स्वतः उतरून फावड्यानं सरळ करायचे. पहिल्या वेळी तो हसत आला, "अहो काका, कशाला?" काकांनी मान हलवली आणि ट्रक मागे घेतला. त्यानं लाडूंचा डबा पाठवला, तो परत गेला, "साखर बंद आहे." त्याची बायको चहा घेऊन आली, "घरून घेऊनच निघालोय." त्या घरचं पाणीसुद्धा काका प्यायले नाहीत.

मग त्यानं स्वतःचा काँट्रॅक्टर लावला. काका त्याच्या आधी. स्वतः बर्फ काढायचं मशीन आणलं, पहाटे उठायला लागला. काका त्याच्याही आधी. मंडळाच्या संक्रांतीला लोक त्याला म्हणायचे, "नशीब काढलंत हो, असा शेजारी!" तेव्हा त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहायची. हायस्कुलातल्या मुलीची शाळा संपेपर्यंत त्याला घर सोडून पळताही येत नव्हतं. ती पोरगी गुणी. काकूंच्या हातची थालीपिठं खाऊन वाढलेली. तिला बापाचे प्रताप माहीत नव्हते. ती खिडकीतून काकांना हात करायची, आणि काकाही हात करायचे.

तिसऱ्या हिवाळ्याआधी पातं उचलणारा पंप बंद पडला. नवा कुठे मिळेना. पंप म्हणजे काकांचं आयुष्य गेलेलं काम, त्यांनी तो जुनाच उघडला, सगळी सीलं बदलली. पण जिना चढताना आता ते दोनदा थांबायचे. डॉक्टरांनी बायपास सांगितली होती.

"काका, करून घ्या ना. तो बोलायच्या आधी तुम्हीच जाल."

"बर्फ संपू दे," ते म्हणाले. "आणि गेलोच तर ट्रक तुला."

फेब्रुवारीतली सकाळ. समोरच्याचा ड्राइव्हवे साफ करून काका ट्रक मागे घेत होते. मी माझ्या पायऱ्या खरवडत होते. तो बाहेर आला, पायात घरातल्या सपाता. जागरणानं डोळे सुजलेले. ट्रकच्या दाराशी उभा राहून काहीतरी पुटपुटला. काकांनी काच खाली केली आणि कानाला हात लावला.

"मोठ्यानं! ट्रकचा आवाज आहे."

इंजिन बंद करायला एक दांडी ओढायची असते. काकांचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता.

"काका, ती कंप्लेंट मी केली होती!"

"इंग्लिशमध्ये!" काका गरजले आणि कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे अमेरिकन आजोबा फावडं घेऊन उभे होते. "त्यांचं नाव घेतलं होतंस ना? त्यांनाही कळू दे." त्याला अरेतुरे केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"इट वॉज मी! आय मेड द कंप्लेंट! अबाउट द ट्रक!"

माझ्या काळजाला काय गारवा मिळाला म्हणून सांगू! आजोबांनी फावडं बर्फात रोवलं आणि त्याच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात त्याच्या मागून आवाज आला. मुलगी दारात उभी होती.

"डॅड, व्हॉट कंप्लेंट?"

काकांनी दांडी ओढली. ट्रक बंद झाला. "सांग तिला," एवढंच म्हणाले, दार धरून खाली उतरले आणि माझ्या पायरीवर येऊन बसले.

मी नाचायचीच बाकी होते. "जिंकलात काका! थांबा, चहा टाकते."

"बोलला गं तो," काका म्हणाले. मग हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "आता घरात जाऊन सांगू कुणाला?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. चहा टाकायचा राहून गेला.

दिवाळीच्या आधी काका गेले. बायपासला उशीर झाला होता. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आला, घर विकून गेला, आणि ट्रक माझ्या दारात लावून गेला.

तुम्ही विचाराल, आता समोरच्याचं काय करतेस? साफ करते. सगळ्यात आधी त्याचंच. तो बाहेर येतो, हात जोडतो. "ताई, आता तरी नको. मी सगळ्यांसमोर कबूल केलंय ना?" मी काच वर करते आणि गिअर टाकते. काकांना त्याच्याकडून एक वाक्य हवं होतं, ते त्यांना मिळालं. मला त्याच्याकडून काहीच नकोय. त्यामुळे हे कधी संपेल, ते मलाही सांगता येत नाही.