बांधापर्यंतची गोलकीपर

माझ्या भाचीइतकी हट्टी बाई पेणपासून रोह्यापर्यंत दुसरी सापडणार नाही, आणि सापडलीच तर ती तिची आई, म्हणजे माझी सख्खी बहीण असेल. भाची गोलकीपर आहे, आणि तेही हौसेखातर नव्हे, पोटापाण्यासाठी. गोव्यातल्या एका क्लबाशी तिचा वर्षावर्षाचा करार असतो आणि क्लबाच्या जाळीत चेंडू जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. आमच्या नात्यात सगळे मास्तर नाहीतर शेतकरी. नुसतं अडवण्याचा पगार मिळतो, हे समजून घ्यायला तिच्या वडिलांना दोन वर्षं लागली. "म्हंजे वॉचमनची नोकरी," असं ते शेवटी म्हणाले, आणि मला तरी त्यात फारशी चूक दिसली नाही.

अकरावी-बारावीला ती पेणला आमच्याकडे, मागच्या खोलीत राहायची. त्या दोन वर्षांत आमच्या घरात जमिनीवर काही पडलं नाही. मांडणीवरून ताट घसरलं की ते खाली यायच्या आत हिच्या हातात. एकदा गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात दोन कारागिरांच्या हातातून ओली मूर्ती निसटली, आणि कॉलेजला निघालेल्या आमच्या बाईसाहेबांनी दप्तरासकट झेप घालून ती छातीशी धरली. मालक हात जोडून म्हणाले, "मूर्ती वाचली हो, पण बाप्पाच्या पोटावर पाच बोटं उठली!" दुसरी खोड ओरडण्याची. गोलकीपर सगळ्यांच्या मागे उभा असतो, त्याला अख्खं मैदान दिसतं, म्हणून इतरांना हाका मारून सावध करणं हे त्याचंच काम. हिनं ते मैदानापुरतं ठेवलं नाही. माझ्या मुलाच्या लग्नात पंगतीच्या टोकाला उभी राहून ही वाढप्यांवर ओरडत होती, "डावीकडं भात नाय! मागं बघ, मागं!" आणि ते बापडे मागे बघत होते. मॅचच्या आदल्या दिवशी मात्र ही तोंडातून अवाक्षर काढत नाही. घरून नेलेले वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणते आणि हॉस्टेलच्या खोलीत बसून एकेक सोलते. तिची मणिपूरची मैत्रीण पहिल्यांदा घाबरली, आता तीही सोलायला बसते. त्या दोघींचं बिरडं खाल्ल्याशिवाय त्यांचा संघ मैदानात उतरत नाही, असं म्हणतात.

या वालांनीच तिचा घात केला होता. निडीजवळच्या त्यांच्या गावात भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल पेरतात. मुलगी खेळते म्हणून तिच्या वडिलांनी एक खाचर न पेरता तसंच सोडलं. दोन बांबू रोवले, झाला गोल. पण गोलपासून पंधरा-सोळा पावलांवर बांध, आणि बांधापलीकडे तिच्या चुलत काकीचे वाल. काकीचा कायदा साधा होता: पाऊल पडलं की पाठीत धपाटा, आणि चेंडू पडला की वाल उपटेपर्यंत चेंडू काकीच्या माळ्यावर. भाची बांधापर्यंत वाऱ्यासारखी धावायची आणि बांधाशी खुंटाला बांधल्यासारखी थांबायची. पुढे मोठमोठ्या मैदानांवर गेली, पण तितक्याच पावलांवर थांबत राहिली. समोरची एकटी पोरगी चेंडू घेऊन यायची, पुढे होऊन तो पायानं उडवून द्यायचा, तर ही त्या सोळा पावलांच्या रेषेशीच उभी. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या कोचबाईंनी सरळ सांगितलं की पुढे येत नसशील तर पुढच्या वर्षी करार नाही.

भाची तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. हा क्लब सुटला तर दुसरा कुठला घेणार? लीगमध्ये दहा दिवसांची सुट्टी होती, ती घेऊन ती गावी आली आणि मला फोन केला, "मामा, ये. चेंडू फेकायला माणूस पायजे." मी गेलो. जाताना, पेणच्या ज्या शाळेतून मी निवृत्त झालो तिथल्या मुख्याध्यापकांना भेटून गेलो. खेळाच्या शिक्षिकेची जागा रिकामी होती. तिच्यासाठी शब्द टाकला, आणि तिला काही बोललो नाही.

काकी रोह्याच्या बाजाराला गेली की आमचा सराव सुरू व्हायचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी बांधापलीकडे चेंडू फेकायचा आणि तिनं धावत जाऊन तो मारायचा. ती धावायची, आणि बांधाशी थांबायची. "मामा, वाल फुलावर आलाय रे." तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी काकी बाजारातून लवकर परतली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय चाललंय गो तुमचं?"

मी चेंडू पाठीमागे लपवला. साठीचा माणूस मी! भाचीनं मात्र खरं ते सांगितलं. "काकी, या बांधापलीकडं माझा पायच जात नाय. नाय गेला तर खेळ संपला माझा."

काकीनं डोक्यावरची पाटी बांधावर उतरवली. मग म्हणाली, "जा. तुडव."

"नको गो काकी."

"माझेच वाल हायेत ना? मी सांगतंय ना?" तरी ही हलेना. तेव्हा काकीनं पदर खोचला, स्वतः शेतात शिरली आणि फुलावर आलेली एक अख्खी ओळ पायांखाली घातली. "हे बघ. मेलं का कोण?"

भाची रडली, मग हसली, आणि मग तिनं उडी मारली. सुट्टी संपेपर्यंत काकीच्या खाचराचा एक कोपरा भुईसपाट झाला होता. काकी रोज ओट्यावर बसून बघायची.

पुढची मॅच आम्ही तिच्याच ओट्यावर मोबाईलवर पाहिली. उत्तरार्धात एक लांब चेंडू आला आणि भाची त्या सोळा पावलांच्या रेषेबाहेर धावत गेली, पायानं तो बाहेर उडवून दिला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, तशा त्याला वाजवतही नाहीत. फक्त काकी किंचाळली, "गेली! गेली गो बाय!"

मोसम संपल्यावर फोन आला. "मामा, सही झाली. दोन वर्षं!" मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. मग मी शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकांना म्हटलं, ती जागा भरून टाका. ती हरावी असं मला कधीच वाटलं नव्हतं. पण ती परत येईल, संध्याकाळी शाळेतून घरी येईल, असं मी मनात धरून बसलो होतो, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, मागची खोली रंगवून घ्यायची होती ना?"

मी म्हटलं, "राहू दे यंदा."